कलेची पेठ : गिरगाव



गावाकडचा माणूस मुंबई पाहायला निघाला म्हणजे त्याचा एक ठरलेला फेरा असतो. राणीची बाग, गेटवे, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, संध्याकाळी चौपाटीवर भेळ आणि रात्रीच्या गाडीने परत. शाळेची सहल आली तरी फेरा तोच. फक्त चौपाटीवर गुरुजींना पोरे मोजावी लागतात, एवढाच फरक. यात वाईट काही नाही. वाघ पाहावा, समुद्रही पाहावा. पण समुद्राकडे तोंड करून वाळूत बसलेल्या माणसाच्या पाठीमागे, रेल्वेचे रूळ ओलांडले की जी वस्ती लागते, ती बहुतेकांची पाहायची राहून जाते. त्या वस्तीचे नाव गिरगाव. मराठी नाटक, मराठी पुस्तक, आपले गाणे आणि आपल्या देशातला सिनेमा, या चौघांनीही आयुष्यातली काही मोलाची वर्षे याच वस्तीत काढली. तिथे जाऊन काय पाहायचे, आणि हे सगळे तिथेच का जमले, ते आज सांगायचे आहे.

सुरुवात फणसवाडीच्या नाक्यावरून करू. चर्नी रोड किंवा मरीन लाइन्स स्टेशनला उतरून पूर्वेच्या बाजूला चालत गेले की ठाकूरद्वार लागते. तिथेच फणसवाडी. नाव ऐकून कोणी कोकणातला माणूस पिशवी घेऊन गेला तर त्याची फसगत होईल, कारण फणसवाडीत आज फणस औषधालाही सापडायचा नाही. पण नाव खोटे नाही. एके काळी या भागात खरोखरीच्या बागा आणि वाड्या होत्या. केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी अशी नावे ऐकत गेले म्हणजे बाजारातून चालल्यासारखे वाटते. चर्नी रोड या नावातसुद्धा गुरांची चरणी, म्हणजे चरण्याची जागा, दडलेली आहे असे सांगतात. पुढे झाडे गेली, चाळी आल्या, नावे तेवढी मागे राहिली. आज फणसवाडीत दाक्षिणात्य धाटणीचे गोपूर असलेले व्यंकटेशाचे देऊळ आहे आणि नाक्यावर मिसळीची एक जुनी जागा आहे. रेडिओवरून दुकानाचे नाव सांगायची रीत नाही. पण वासाला पत्ता विचारावा लागत नाही.

आता कलेची पेठ म्हणजे काय, हे समजून घेऊ. पुणे जिल्ह्यातले नारायणगाव तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी, यात्रा कमिटीची माणसे तिथे जातात, चार राहुट्या हिंडतात, भाव करतात, सुपारी देतात आणि चैत्र-वैशाखातल्या आपल्या यात्रेसाठी फड ठरवून येतात. कलकत्त्याला चितपूर रोडवर असाच प्रकार आहे. तिथे जात्रा कंपन्यांच्या कचेऱ्या ओळीने आहेत, आणि रथयात्रेच्या दिवशी बंगालच्या खेड्यांतली माणसे खेळ ठरवायला तिथे येतात. एक फड कुठेही राहू शकतो. पण दहा फड एका जागी आले की तिथे भाव ठरतो, तुलना होते, नवा गडी कुणाकडे चांगला आहे हे कळते, ढोलकीला पान लावणारा तिथेच दुकान मांडतो. मग ती जागा पेठ होते. गिरगाव ही अशीच पेठ होती. मात्र राहुट्यांच्या जागी चाळी, आणि हंगाम बारमाही.

चाळ ही काय वस्तू आहे, हे खेड्यातल्या श्रोत्याला सांगितले पाहिजे. दोन-तीन मजल्यांची लांबट इमारत, प्रत्येक मजल्यावर एका ओळीत खोल्या, खोल्यांसमोरून जाणारी सामाईक गॅलरी आणि बऱ्याच ठिकाणी मध्ये एक चौक. घर एका-दोन खोल्यांचे, म्हणून माणसे गॅलरीतच जगत. आता जरा नीट पाहा. मध्ये चौक, आणि तीन बाजूंनी वर चढत गेलेल्या गॅलऱ्या. हे तर नाटकगृहच झाले! गणपतीत चौकात चार बाके जोडून त्यांवर फळ्या टाकल्या की रंगभूमी तयार. खाली सतरंजीवर मुले, वर कठड्याला टेकून बायामाणसे. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत सुरू झाला, आणि तो आजही तिथे साधेपणाने चालतो. या उत्सवांनी कीर्तने दिली, व्याख्याने दिली, मेळे दिले. मेळ्यात कोरसमध्ये उभा राहिलेला मुलगा पुढे नाटक कंपनीत गेला, अशी उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. मात्र चाळीने नट दिले यापेक्षा चाळीने प्रेक्षक दिले, हे मला जास्त मोठे वाटते. भिंत एकच असल्यामुळे शेजारच्या खोलीतला रियाज तुम्हाला ऐकावाच लागे. वर्षभर यमन कानावर पडल्यावर न शिकलेल्या माणसालाही सूर कुठे घसरला ते समजू लागते. रात्री नाटकात जो नट भाषण विसरला, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या रांगेत त्याविषयी ऐकून घ्यावे लागे. असा प्रेक्षक शेजारी राहत असला म्हणजे कलावंताला आळस करता येत नाही.

याच रस्त्यांवर एका माणसाच्या डोक्यात काय ठिणगी पडली, ते पाहा. १९११ सालच्या ईस्टरच्या दिवसांत धुंडिराज गोविंद फाळके गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक विलायती चित्रपट पाहायला गेले. पडद्यावर ख्रिस्त हालत होता, आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण हालू लागले. आपल्याकडे असे चित्रपट का होऊ नयेत, या एका विचाराने त्यांना पछाडले. दोनच वर्षांनी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावातल्याच कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. मधल्या दोन वर्षांत त्यांनी विलायतेची वारी केली, कॅमेरा आणला, विमा पॉलिसी गहाण टाकली, घरच्या माणसांना कामाला लावले; ती कथा पुष्कळांनी सांगितली आहे. तिच्यातला एकच तुकडा इथे हवा. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. जाहिराती दिल्या, नाचगाण्याचा धंदा करणाऱ्या बायकांनाही विचारून झाले. सिनेमात तोंड दाखवायला कुणी तयार होईना. शेवटी फाळक्यांना ग्रँट रोडच्या एका हॉटेलात नाजूक हातांचा एक आचारी दिसला. त्याचे नाव अण्णा साळुंके. हिंदुस्थानातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाची नायिका ती हीच! याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली.

हा केवळ मौजेचा किस्सा म्हणून सोडून देऊ नका. कलेच्या पेठेत असे होते. प्रेरणा एका रस्त्यावर मिळते, नट दुसऱ्या रस्त्यावर सापडतो आणि खेळ तिसऱ्या रस्त्यावर लागतो. आणि हे तिन्ही रस्ते एका संध्याकाळी पायी फिरून होतात. फाळके एखाद्या आडगावी असते तर त्यांची बुद्धी कमी झाली नसती; पण ख्रिस्ताचा तो चित्रपट त्यांच्या दृष्टीस पडला असता का?

ग्रँट रोडचा भाग गिरगावाला लागूनच आहे. तिथल्या नाटकगृहांच्या वस्तीला लोक ‘पिला हाउस’ म्हणत. हा ‘प्ले हाउस’ या इंग्रजी शब्दाला मुंबईच्या जिभेने दिलेला आकार. सांगलीला १८४३ साली सीतास्वयंवराचा खेळ करून मराठी नाटकाचा पाया घालणारे विष्णुदास भावे १८५३ मध्ये मुंबईला आले, तेव्हा त्यांनी ग्रँट रोडच्या नाटकगृहात खेळ केले. त्याच परिसरातल्या रिपन थिएटरात १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक लावले. मूळ नाटक नॉर्वेचे. त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली. ज्योत्स्ना भोळे त्यांत होत्या. पडद्यावरच्या तारामतीसाठी आचारी शोधावा लागला त्याला तेव्हा वीसच वर्षे झाली होती. समाजाने काय सोडले आणि काय धरले, याचा हिशेब इतक्या लहानशा भागात मांडून ठेवलेला मला तरी दुसरीकडे दिसत नाही.

पण पेठेत एका दुकानाची भरभराट झाली की शेजारच्याचे दिवाळे निघते, हेही खरे. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलमआरा’ लागला. आपल्या देशातला हा पहिला बोलपट. पडद्यावरची माणसे बोलू-गाऊ लागली हे पाहायला अशी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले. १९३६ सालचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ तर इथल्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक काळ चालला. सिनेमाचे दिवस असे पालटले आणि नाटकाचे बसले. नाटकगृहांची सिनेमागृहे होऊ लागली. मोठमोठ्या नाटक कंपन्या कर्जात बुडाल्या, बिऱ्हाडे मोडली. ज्या नटांच्या पगड्या-शालूंवर गाव लुब्ध होते, त्यांच्यावर रिकामे बसण्याची पाळी आली.

मग नाटक पुन्हा उभे कुणी केले? पुष्कळांनी केले, पण गिरगावाचा वाटा त्यात मोठा आहे. १९३५ साली इथे मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला. डॉ. अमृत नारायण भालेराव हे त्याचे प्राण. पेशाने डॉक्टर, पण नाडी धरली ती मराठी रंगभूमीची. १९४३ साली मराठी नाटकाला शंभर वर्षे झाली, त्याचा उत्सव सांगलीला झाला. त्यापाठोपाठ मुंबईत साहित्य संघाने महोत्सव केला आणि पुढे तो नेमाने चालवला. नाटकगृहे सिनेमाने घेतली होती, म्हणून उघड्या मैदानावर मंच बांधून नाटके झाली. जुने बुजुर्ग नट आणि नवी पोरे एका मंचावर आली. केळेवाडीत संघाचे स्वतःचे नाट्यगृह १९६४ साली उभे राहिले, तेव्हा ते पाहायला डॉक्टर हयात नव्हते. नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे, रस्त्यालाही त्यांचेच नाव आहे. चर्नी रोड स्टेशनपासून ते चालत पाच-सात मिनिटांवर आहे. बाहेरून इमारत फार डोळ्यांत भरणारी नाही. सजावट पाहायला जायचे असेल तर जवळच्या ऑपेरा हाउसला जावे. त्याचे उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते झाले, ते १९९३ मध्ये बंद पडले आणि दुरुस्त होऊन २०१६ मध्ये पुन्हा उघडले. नक्षी, झुंबरे, सोनेरी रंग, सगळे तिथे आहे. पण मराठी नाटकाचा इतिहास केळेवाडीतल्या साध्या खुर्च्यांवर बसलेला आहे.

गाण्याचेही तसेच. विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये ते मुंबईला आले. गाणे शिकणे म्हणजे उस्तादाची वर्षानुवर्षे सेवा, असा काळ होता. पलुसकरांनी शाळेसारखे वर्ग काढले, फी ठेवली, पुस्तके छापली, परीक्षा घेतल्या. घरंदाज मुलामुलींनी गाणे शिकावे, यात कमीपणा नाही, हे त्यांनी मुंबईला पटवले. सँडहर्स्ट रोडला संस्थेची इमारत झाली. पुढे कर्जापायी ती लिलावात गेली. पण शिष्य कुठे लिलावात जातात? त्यांच्यातलेच एक प्रो. बी. आर. देवधर. त्यांनी १९२५ साली ऑपेरा हाउसजवळ ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ काढले. देवधर मास्तरांचा विशेष असा की त्यांनी कुठल्याही घराण्याला दार लावून घेतले नाही. जो कोणी गुणी गायक मुंबईत येई, त्याच्याकडून ऐकावे, समजून घ्यावे, जमल्यास एखादी चीज पदरात पाडून घ्यावी, हा त्यांचा खाक्या. त्यांच्याकडे बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा एक मुलगा शिकायला आला. शिवपुत्र कोमकली त्याचे नाव. जग त्याला कुमार गंधर्व म्हणून ओळखते. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत हा अकरा-बारा वर्षांचा पोर गायला आणि सभेतले भलेभले गवई थक्क झाले.

शिक्षकबंधूंनी या गोष्टीत एक पाहावे. कुमारांचा गळा देवाघरचा होता, हे खरेच. पण सुळेभावीला त्यांना एका घराण्याची एक तबकडी ऐकायला मिळाली असती; गिरगावात दहा घराणी प्रत्यक्ष ऐकायला मिळाली. हुशार मुलाला शहराचा उपयोग होतो तो असा. तिथे तुलना मिळते.

छापखान्यांकडे वळू. नाटकाच्या मांडवातून बाहेर आले की गिरगावात शाईचा वास येई. खटाववाडीत मौज छापखाना आणि प्रकाशनगृह. ‘सत्यकथा’ मासिक तिथूनच निघे. ते १९८२ साली बंद झाले. मॅजेस्टिक बुक स्टॉल १९४२ साली याच भागात सुरू झाला. ढवळ्यांची धार्मिक आणि शालेय पुस्तके तर तुमच्या आजोबांच्या फडताळात नक्की सापडतील. खेड्यातल्या श्रोत्याला याचे काय, असे वाटेल. तर ऐका. माणदेशातला व्यंकटेश माडगूळकर, कोल्हापूरकडचा शंकर पाटील, यांच्यासारख्या लेखकांनी गावच्या बांधावरची, तालमीतली, बाजारातली माणसे कथेत आणली. आणि त्यांच्या कथा ‘सत्यकथे’तून घरोघर गेल्या. म्हणजे शेतात पिकले ते गिरगावच्या बोळात दळले गेले आणि साऱ्या महाराष्ट्राने खाल्ले. कांदेवाडीत आजही लग्नपत्रिकांची दुकाने आहेत. छापील अक्षराचा व्यवहार इथून पार उठलेला नाही, त्याची तेवढी खूण.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. हे सगळे इथेच का जमले? लोक म्हणतात, मुंबईत पैसा होता म्हणून. पैसा मलबार हिलवर होता, तिथे काही पिला हाउस झाले नाही. खरे कारण अगदी साधे आहे, आणि ते कलेच्या पुस्तकात सहसा लिहीत नाहीत. ते कारण म्हणजे स्वस्त खोली. कारकून, खिळे जुळवणारा, हार्मोनियमवाला, शाळामास्तर, नट, सोनार, सगळ्यांना परवडेल अशा भाड्याने इथे खोली मिळे. खानावळी होत्या, त्यामुळे एकट्या माणसाचे पोट भरे. ट्राम होती, आणि पाय होतेच. खेळ रात्री एकला सुटला तरी प्रेक्षक घरी चालत जाई. पॅरिस शहरात माँमार्त्र नावाची टेकडी आहे. तिथेही चित्रकार जमले ते भाडे कमी म्हणून, आणि भाडी वाढल्यावर दुसरीकडे निघून गेले. कलावंत सुंदर जागा शोधत येतो ही कल्पना आहे. तो आधी परवडणारी जागा शोधतो.

मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा १९४७ साली आला आणि भाडी गोठली. भाडेकरूला आधार झाला, पण घरमालकाचा दुरुस्तीतला रस संपला. जिने खिळखिळे झाले, गॅलऱ्यांना टेकू लागले. घरात माणसे वाढली, खोली तेवढीच राहिली. मग मुलाचे लग्न ठरले की डोंबिवली, बोरिवली, विरार. सकाळी नोकरीला दक्षिणेकडे, रात्री निजायला उत्तरेकडे. प्रेक्षक असा उपनगरात गेला, आणि नाटक त्याच्यामागून गेले, ते योग्यच झाले. ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे अत्रे रंगमंदिर, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर इथे आज नाटकाचा गल्ला भरतो. दादरचे शिवाजी मंदिर १९६५ पासून आपली जागा राखून आहे. गिरगावात चाळी पाडून उंच इमारती उठत आहेत. त्यांतल्या एका मजल्याच्या किमतीत पूर्वी अख्खी चाळ आली असती. मॅजेस्टिक सिनेमा गेला, त्या जागी बाजार झाला. खोताच्या वाडीतली लाकडी जिन्यांची, कौलारू, पोर्तुगीज वळणाची घरे अजून काही उभी आहेत. तीही किती दिवस, कोण जाणे.

मुंबईत आज ‘कलेची वस्ती’ म्हणून पाहुण्यांना दाखवतात ती काळा घोडा. जहांगीर कलादालन तिथे १९५२ पासून आहे, आणि १९९९ पासून दर फेब्रुवारीच्या सुमारास तिथे मोठा महोत्सव भरतो. रस्ते बंद करून मांडण्या, नाच, गाणी, चित्रे, लहान मुलांसाठी खेळ. पाहण्यासारखा असतो, मुलांना जरूर दाखवावा. पण माझे मत विचाराल तर त्यात एक उणीव आहे. तिथे कला येते, नऊ-दहा दिवस राहते आणि घरी जाते. तिथे रात्री कठड्याला टेकून, “काल तिसऱ्या अंकात तुम्ही घाई केलीत हो,” असे म्हणणारा शेजारी नाही. गिरगावचे जे आकर्षण होते, आणि थोडे अजून आहे, ते या शेजाऱ्याचे.

तो शेजारी आज कुठे भेटेल? याचे उत्तर कदाचित तुमच्याच गावात आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड इथल्या शेकडो गावांची ग्रामस्थ मंडळे मुंबईत आहेत. पूर्वी एका गावच्या चाकरमान्यांची मिळून एक खोली असे. गावकीची खोली म्हणत तिला. तिथे गावची वर्गणी जमे, भांडणे मिटत, आणि शिमग्याच्या आधी नमनाच्या तालमीही होत. ही मंडळे आजही मुंबईतली नाट्यगृहे एका रात्रीसाठी घेतात आणि नमन, जाखडी, शक्ती-तुरा यांचे खेळ लावतात. तिकिटे गाववाल्यांनी गाववाल्यांना विकायची, आणि उरलेल्या पैशांतून गावच्या देवळाचा सभामंडप, शाळेची खोली, नळाची टाकी करायची. परळचे दामोदर नाट्यगृह अशा खेळांचे मोठे आश्रयस्थान होते. गिरणी कामगारांची नाटके तिथेच वाढली. ते २०२३ मध्ये नव्या बांधकामासाठी बंद झाले, तेव्हा कामगार वस्तीतल्या कलावंतांनी आणि कोकणातल्या मंडळांनी जो आरडाओरडा केला, तो उगाच नव्हता. एक नाट्यगृह बंद झाले म्हणजे चार गावच्या शाळांचे छप्पर लांबणीवर पडते. केळेवाडीतल्या साहित्य संघाच्या मंचावरही अशा मंडळींचे मृदंग वाजले आहेत. व्यावसायिक नाटकाला एखाद्या वेळी खुर्च्या रिकाम्या राहतील. पण गावच्या नमनाला आत शिरायला जागा नसते, आणि गणपती-गौळणीत कोण चुकले हे सांगायला प्रत्येक रांगेत एक जाणकार बसलेला असतो. तो जुना शेजारी तो हाच. अट्टल गिरगावकर कदाचित हे मानणार नाही. त्याच्या लेखी नाटक म्हणजे संगीत नाटक, बाकी सगळे खेळ.

जायचे कसे आणि पाहायचे कसे, तेही सांगतो. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोचे गिरगाव स्टेशन सुरू झाले आहे. पण प्रथम येणाऱ्याने लोकलने चर्नी रोडला उतरावे आणि चालावे. गाडी करून गिरगाव दिसत नाही. शनिवार-रविवार धरून यावे. नाटकांच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत एका पानावर दाटीने असतात. ते पान आधी आठवडाभर पाहत जावे आणि नाट्यगृहाचे नाव नीट वाचावे, नाहीतर तिकीट बोरिवलीचे आणि माणूस चर्नी रोडला, असे व्हायचे. दुपारी फणसवाडीच्या नाक्यावर खाऊन निघालात तर ठाकूरद्वार, खोताची वाडी, केळेवाडी, प्रार्थना समाज आणि ऑपेरा हाउस एवढे रमतगमत दोन तासांत होते. वाड्यांमध्ये लोक राहतात, ते संग्रहालय नव्हे. उघड्या दारातून आत डोकावू नये, फोटो काढायचा तर विचारून काढावा. विचारले तर लोक नाही म्हणत नाहीत. उलट, ‘कुठल्या गावचे?’ असे विचारून बसवून घेतात.

शिक्षकांनी वीस-पंचवीसपेक्षा जास्त मुले एका वेळी आणू नयेत. बोळ अरुंद आहेत. आणण्यापूर्वी वर्गात फाळक्यांच्या तारामतीची गोष्ट सांगावी, म्हणजे ग्रँट रोडला मुले आपणहून हॉटेलांकडे पाहू लागतील. गणपतीत येणार असाल तर लालबागच्या रांगेत रात्र काढण्याआधी केशवजी नाईकांच्या चाळीतली लहानशी मूर्ती पाहून घ्या. नाटकाला पुढच्या महाग खुर्च्यांचा हट्ट नको. बाल्कनीतून मंच सगळा दिसतो. खेळ सुटल्यावर मुलांना लगेच हाकलत स्टेशनवर नेऊ नका. पाच मिनिटे दाराशी थांबा, बाहेर पडणारी माणसे काय बोलतात ते त्यांना ऐकू द्या. फक्त शेवटची गाडी किती वाजता, हे आधी विचारून ठेवा.